पूर काढला, चिखल ठेवला

"सध्या काय लिहिताय, त्यातलं थोडं वाचायला द्याल का, आणि खऱ्या घटनेवर कादंबरी लिहिताना जमवलेल्या माहितीचं काय करता?" असे तीन प्रश्न एका दमात विचारले गेले आहेत. तिन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकत्रच देतो.

सध्याची कादंबरी जुलै १९६१ मधल्या पुण्यात घडते. शनिवार पेठेत नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात लहानसा छापखाना आहे. एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, टाइप ठेवायच्या खणाखणांच्या केसी, जुळलेलं मॅटर ठेवायला एक मोठा दगड, आणि तीन माणसं. मालक आप्पा, अक्षरं जुळवणारा जुळारी गजानन, हाताखालचा पोरगा बाळ्या. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका हा रोजचा धंदा. १२ जुलैला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या पाण्याने काही तासांत खडकवासल्याची जुनी भिंतही फोडली, आणि मुठा पेठांमध्ये शिरली. छापखाना बुडाला. कादंबरीचं पहिलं वाक्य येतं ते १४ तारखेला. पूर कादंबरीत नाही.

आधी होता. पहिल्या खर्ड्यात पुराचं बत्तीस पानांचं प्रकरण होतं आणि मला ते फार आवडायचं. पुलांवरून गेलेलं पाणी, माळ्यावर अडकलेली माणसं, वाहत आलेली तुळई. घरात वाचून दाखवलं तेव्हा सगळे गप्प झाले होते. तरी ते काढलं, आणि का काढलं हे सांगितलं की तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर होईल.

माझी आजी नारायण पेठेत राहायची. माझा जन्म पुरानंतरचा, त्यामुळे पूर मला तिच्या बोलण्यातून मिळायला हवा होता. पण ती पाण्याबद्दल बोलायचीच नाही. विचारलं की म्हणायची, "पाणी आलं नि गेलं रे. चिखल काढता काढता आमची कंबर मोडली." मग चिखलाबद्दल तासभर बोलायची. पितळी डब्याच्या कडीत अडकलेला चिखल, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या कानात गेलेला चिखल, धुऊन धुऊनही शिवणीतून निघणारा चिखल. तांदळाचं पोतं फुगून उललं होतं आणि त्याचा वास दिवाळीपर्यंत घरात होता. हे सगळं मी लहानपणी ऐकलं आणि त्याला गोष्ट समजलो नाही. गोष्ट म्हणजे पाणी, असं डोक्यात बसलेलं. बत्तीस पानं लिहून झाल्यावर ध्यानात आलं की त्या पानांत माझी आजी कुठेच नाही.

दुसरी अडचण वाचकाची. पुण्यात 'पानशेत' हे फक्त धरणाचं नाव नाही, कालगणनाही त्यावरून चालते. 'पानशेतच्या आधी आम्ही तिकडे होतो', 'पानशेतनंतर इकडे आलो' असं बोलणारी एक पिढीच होती. असा शब्द पहिल्या पानावर आला की पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक असतं आणि पात्रांना नसतं. मग वाचक वरून बघतो, पात्रं खाली बागडतात. या उंचीचा मोह लेखकालाही होतो. माझ्या खर्ड्यात १० तारखेला बाळ्या नदीवर पोहायला जातो आणि 'त्याला काय ठाऊक…' अशा धाटणीचं एक वाक्य येतं. ते वाक्य आज मला लाजिरवाणं वाटतं. त्या दिवशी त्या पोराच्या मनात पाण्याचा गारवा असेल, फार तर आप्पा रागावतील याची भीती असेल. त्याच्या डोक्यावर येणारा दिवस मी आधीच टांगून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय होता.

आता छापखानाच का, ते सांगतो.

या कादंबरीसाठी सगळ्यांत मोलाची दुपार मी एका वृद्ध जुळाऱ्याबरोबर घालवली. त्यांनी हयातभर खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे टाइप, जुळवले होते. मी माझ्या प्रकरणातलं वर्णन त्यांना वाचून दाखवलं: पाणी आलं आणि हजारो खिळे वाहून गेले. त्यांनी मला तिथेच थांबवलं. म्हणाले, "खिळा वाहत नाही हो. शिसं आहे ते. केस लाकडाची, ती तरंगेल, कलंडेल. खिळे तिथल्या तिथे खाली बसतील. चिखलात सगळे असतील. फक्त एकत्र झालेले असतील."

माझ्या कादंबरीचा कणा मला त्या चार-सहा वाक्यांत मिळाला. ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खिळा शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा. प्रत्येक अक्षराचा केसीत आपला खण ठरलेला असतो आणि जुळाऱ्याचा हात न बघता त्या खणाकडे जातो. रोमन लिपीचं काम थोडक्या खणांत भागतं. देवनागरीला काना-मात्रा लागलेली अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार असा मोठा पसारा लागतो. जुळाऱ्याच्या चहूबाजूंनी केसी मांडलेल्या असत, ते त्यामुळेच. शब्दांमधली जागा सोडायला कोऱ्या पट्ट्या, त्यांना स्पेस म्हणतात. छापून झालं की प्रत्येक खिळा परत त्याच्या खणात सोडायचा. जुळवणं आणि सोडणं, या दोन हालचालींत माणसाचं आयुष्य जायचं. आता कल्पना करा, सगळे खण एकाच वेळी रिकामे झालेत आणि सगळी अक्षरं एका चिखलात आहेत. हरवलं काहीच नाही, तरी छापता एक शब्दही येत नाही.

यात एक पुस्तक अडकलेलं आहे. सोनटक्केबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेने आंबी नदीच्या खोऱ्यातल्या, म्हणजे धरणाच्या पाण्याखाली जाणार असलेल्या गावांमध्ये हिंडून बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या आहेत. बाई, ती गावं मी नावानिशी सांगत नाही, आणि ते पुस्तक हे सगळं माझ्या मनातलं. वह्या छापखान्यात होत्या. कागद गेला. पण चाळीस पानं जुळवून झाली होती, सुतळीने बांधून दगडावर ठेवलेली होती. जगात त्या ओव्या आता दोनच ठिकाणी आहेत: चिखलाखालच्या शिशात, आणि त्या जुळवणाऱ्या गजाननच्या डोक्यात थोड्याफार.

तिसऱ्या प्रकरणातला एक तुकडा देतो. खर्डा चौथा आहे, अजून बदलेल.

*

गजाननने घमेलं पायाशी ओढलं. चिखल काळा होता, विरजण लागल्यासारखा बसलेला. आत शिसं आहे हे वजनावरून कळत होतं. त्याने ओंजळभर चिखल चाळणीत घेतला. चाळण घरची होती, गव्हाची. बाळ्याने वरून तांब्याची धार धरली.

"बेताने."

"बेतानेच ओततोय, गजाननकाका."

"आडाचं पाणी आहे. काकू दीड तास उभ्या होत्या रांगेत."

चिखल निथळला. चाळणीत नऊ खिळे राहिले. गजाननने एकेक उचलला, अंगठ्याने पुसला, उजेडाकडे धरला आणि फळीवर ठेवला. फळीवर खडूने चौकोन आखले होते. केसी मिळेपर्यंत हेच खण.

"मोजतोस कशाला?" आप्पा उंबऱ्यावरून म्हणाले. आत जागा होती, पण काल आणि आज ते उंबऱ्याच्या आत आले नव्हते.

"मोजत नाही, आप्पा. बघतोय कुठली निघतात."

"कुठली?"

"तीन क. एक ळ. अर्धा श. बाकीचे घासावे लागतील."

"आणि स्पेस?"

गजानन काही बोलला नाही. त्याने चाळण उचलून खालच्या बादलीत हात घातला, तळ चाचपला. बारीक स्पेस भोकांतून गळून गेल्या होत्या. बोटांना चिखल लागला, कागदाएवढ्या जाड दोन पट्ट्या लागल्या.

"बाळ्या, घरी जा. पिठाची चाळणी माग."

"आई देणार नाही."

"का?"

"तिच्याकडे चाळणी आहे, पीठ नाही. म्हणते, पीठ आलं की लागेल."

बोळाच्या तोंडाशी सोनटक्केबाई दिसल्या. पातळ एका हाताने वर धरलेलं, दुसरा हात भिंतीला. भिंतीला हात लावू नये हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. दोन घरं सोडून कालच एक भिंत बसली होती. आप्पांनी त्यांना येताना पाहिलं आणि मान खाली घातली.

"आप्पा, माझ्या वह्या?"

आप्पांनी कोपऱ्याकडे हात केला. तिथे कागदाची रिमं होती. भिजून फुगली होती, एकमेकांत रुतून एकच ठोकळा झाला होता. वह्या त्यात होत्या की नव्हत्या हे कळायला आता वाव नव्हता.

"चाळीस पानं जुळवून झाली होती, बाई," गजानन म्हणाला. "दगडावर आहेत."

"दिसतायत?"

"चिखलाखाली आहेत. सुतळी सुटली नसली तर आहेत."

बाई आत आल्या. आप्पांना ओलांडून आल्या. दगडापाशी उभ्या राहिल्या आणि चिखलावर तळहात टेकला.

"इथे?"

"जरा डावीकडे."

त्यांनी हात सरकवला. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग दुसऱ्या हाताने पदराचं टोक धरलं.

"पुसू नका," गजानन म्हणाला. "पुसलंत तर हलेल."

*

या प्रसंगाच्या दुसऱ्या खर्ड्यात एक परिच्छेद होता. खडकवासल्याचं धरण फुटल्यामुळे शहराचा पाणीपुरवठाच बंद पडला, ज्या शहरात दोन दिवसांपूर्वी पाणी मावत नव्हतं तिथे प्यायला पाणी मिळेना, पेठांमधले जुने आड आणि हौद पुन्हा वापरात आले, असा. सगळं बरोबर होतं. वाचताना मात्र असं वाटायचं की बाळ्या तांब्या धरून उभा आहे आणि मधेच कुणी शिक्षक वर्गात येऊन बोलून गेले. आता तो परिच्छेद नाही. 'बेताने' आणि 'काकू दीड तास उभ्या होत्या' एवढंच आहे. माहितीचं काय करायचं याला माझ्याजवळ एवढंच उत्तर आहे: ती कुणाच्या तरी हातात द्यायची. तांब्यात मावेल तेवढी राहू द्यायची, बाकीची आपल्या वहीत ठेवायची. ज्या माहितीला धरायला कुणाचा हातच सापडत नाही, ती कितीही दुर्मीळ असली तरी माझ्या गोष्टीची नाही.

धरण का फुटलं, ही तशी माहिती. मी त्यावर बरंच वाचलं. मातीचं धरण, काम पुरं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच पाणी साठत गेलेलं, विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या मार्गाच्या, वरचा भराव खचत गेलेला, आणि आदल्या रात्री वाळूच्या गोण्या रचत राहिलेले जवान. पुढे चौकशीसाठी बावडेकर आयोग नेमला गेला, नंतर नाईक आयोग. हे सारं वाचताना राग येतो, आणि तो राग कादंबरीत ओतावा असं फार वाटतं. पण गजाननला १५ जुलैला यातलं काय ठाऊक असणार? त्याच्यापर्यंत फक्त बोळातल्या वावड्या पोचतात, आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या. मी त्या चुकीच्याच ठेवल्या आहेत. बाळ्याला वाटतं, धरण कुणीतरी उडवलं. आप्पांना वाटतं, अमावास्येला अशुभ व्हायचंच. १२ जुलैला ज्येष्ठ अमावास्या होती, हे मी पंचांगावरून ताडून घेतलं. त्या रात्री दिवे नव्हते आणि आकाशात चंद्रही नव्हता, हा तपशील मला आधी सापडला असता तर कदाचित पूर काढून टाकायचा धीरच झाला नसता.

खऱ्या माणसांचंही तसंच. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते, पुनर्वसनाचं काम सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे आलं. दोघांनाही मी प्रसंगात उभं केलेलं नाही. त्यांच्या तोंडी माझी वाक्यं घालायचा अधिकार मला नाही असं मी मानतो. रांगेत उभी असलेली माणसं "बर्वे आलेत म्हणे" म्हणतात, तेवढंच. त्या 'म्हणे'मध्ये आशा असते. मला ती आशाच हवी होती.

भाषेच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे आणि इथे प्रत्येक शब्द तपासतो. पहिल्या खर्ड्यात काकूंनी 'दोन किलो तांदूळ' म्हटलं होतं. मेट्रिक मापं तेव्हा नुकती येत होती. काकू शेरातच बोलणार. दशमान नाणी १९५७ पासून आली होती, पण काकूंच्या तोंडी अजून आणे आहेत आणि बाळ्याच्या तोंडी नवे पैसे, आणि त्यावरून दोघांची रोज हुज्जत होते. 'पूरग्रस्त' हा शब्द पहिल्या चार प्रकरणांत कुठेही नाही. तो शब्द कचेरीतून येतो, अर्जावरून येतो. माणसं आधी तो कागदावर वाचतात, मग हळूहळू स्वतःला लावून घेतात. पाचव्या प्रकरणात काकू पहिल्यांदा "आम्ही पूरग्रस्त" म्हणतात, तेव्हा मी लिहायचं थांबवून उठलो होतो. आजीही असंच म्हणायची, आणि त्यात तिला काही लागतंय हे मला कधी जाणवलं नव्हतं.

पुढचा बराच भाग निसेन हटमध्ये घडतो. अर्धवर्तुळाकार पत्र्याच्या त्या खोल्या, नंतर लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उठल्या, पेठेतला माणूस पेठेबाहेर गेला. त्यावर विस्ताराने लिहायचं आहे, पण ती प्रकरणं अजून कच्ची आहेत, म्हणून आज त्यांच्याबद्दल बोलत नाही.

अपुरं काम दाखवावं का, असंही तुमच्या प्रश्नात कुठेतरी आहे. मी दाखवतो, पण फक्त असा भाग, ज्याचं पुढे काय होणार हे मला पक्कं ठाऊक आहे. चाचपडत असलेला भाग दुसऱ्याच्या कानी घातला की ऐकणारा काहीतरी सुचवतो, बहुतेकदा चांगलंच सुचवतो, आणि मग माझं चाचपडणं संपतं. ते मला परवडत नाही. वरचा तुकडा दाखवला, कारण चिखल पुसला जाणार आणि काही पानं शाबूत निघणार हे माझं ठरलेलं आहे. सदतीस निघतात. तीन पानांची सुतळी सुटलेली असते.

त्या तीन पानांवर मी गेले सात महिने अडलो आहे. त्यांतल्या ओव्या गजाननला अर्ध्यामुर्ध्या आठवतात. तो त्या जुळवू शकेल, गाळलेल्या जागी स्वतःचे शब्द घालू शकेल, कुणाला कळणारही नाही. ज्या बायकांनी त्या म्हटल्या त्यांची गावं पाण्याखाली जायची म्हणून त्या आधीच उठून गेल्या आहेत, कोण कुठे, बाईंनाही माहीत नाही. बाई म्हणू शकतात, भर घाल. किंवा म्हणू शकतात, तिथे कोरी पानं सोड. मी दोन्ही लिहून पाहिलं. पहिल्यात गजानन मोठा होतो आणि बाई खोट्या पडतात. दुसऱ्यात बाई खऱ्या वाटतात, पण कोरी पानं सोडणं आप्पांना परवडत नाही, कागदाचा भाव चढलेला आहे आणि ते तसं स्पष्ट सांगतात. सध्या तिसरी वाट लिहून बघतोय. बाई उत्तर न देता एक पत्ता शोधायला निघतात, दौंडच्या गाडीत बसतात, मांडीवर उरलेल्या सदतीस पानांची प्रुफं आहेत. गाडी सुटलेली आहे. प्रकरण तिथवर आलंय.